मंडळी

चर्चमध्ये जमणाऱ्या समुदायाला मराठी प्रोटेस्टंट लोक ‘मंडळी’ म्हणतात. बंगालीत त्यालाच ‘मण्डली’ म्हणतात. शब्द एकच, पण मराठी कानाला त्यात आणखी काही ऐकू येते. घरातली सगळी माणसे म्हणजे मंडळी. पंगतीला बसलेले पाहुणे म्हणजे मंडळी. जुन्या पिढीतला नवरा बायकोचे नाव घ्यायचे टाळून ‘आमची मंडळी’ म्हणायचा. ज्यांच्याशी जेवणखाण आहे, रुसवेफुगवे आहेत आणि तरीही ये-जा आहे, अशी ही माणसे.

मी मूळचा अहमदनगरकडचा, आताच्या अहिल्यानगरचा. गेली काही वर्षे नोकरीमुळे कोलकात्याच्या दक्षिण टोकाला, बेहालात राहतो. रविवारी बंगाली उपासनेला बसतो. प्रार्थनेचे शब्द आता बरेचसे कळतात, गाण्यांच्या चाली त्याहून जास्त कळतात. अशा वेळी एक प्रश्न मनात येतो: आपली भाषा आणि गणगोत दूर असताना माणूस श्रद्धेने इतरांशी जोडलेला राहतो, तो नेमका कशाच्या आधाराने? पुस्तकाच्या, संस्थेच्या, नेमधर्माच्या, की आणखी कशाच्या? मराठी ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न दोनशे वर्षे पडत आला आहे. त्या शोधाचा सुरुवातीचा मोठा भाग महाराष्ट्रात नव्हे, तर बंगालात घडला. म्हणून तो इथून सांगायला सोपा जातो.

बेहाला हे आज डायमंड हार्बर रोडच्या दोन्ही अंगांना पसरलेले दाट उपनगर आहे. त्याचा बरिशा हा भाग जुना. साबर्ण रायचौधुरी घराण्याची वस्ती तिथली. ज्या तीन गावांतून कलकत्ता शहर वाढले, त्या सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या गावांचा हक्क १६९८ साली या घराण्याकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. त्यांची दुर्गापूजा शहराहूनही जुनी मानतात. याच बरिशात ऑक्सफर्ड मिशनचे आवार आहे. शाळा, वसतिगृह, प्रार्थनास्थळ, मोठाली झाडे. रस्त्यावरून आता मेट्रो धावते आणि आत गेले की आवाज एकदम कमी होतो. या आवाराकडे मी शेवटी येईन. आधी दीडदोनशे वर्षे मागे जायला हवे.

बंगालला मराठी माणसाची पहिली मोठी ओळख झाली ती ‘बर्गी’ म्हणून. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांचे स्वार बंगालात येत राहिले. त्यांच्या धास्तीने कलकत्त्याने एक खंदक खणला आणि त्याला मराठ्यांचेच नाव पडले. पुढे साठेक वर्षांनी त्याच हुगळीच्या काठी, श्रीरामपूरला, मराठी पुस्तके छापली जाऊ लागली. विल्यम केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत आले. १८१० साली कोश आला, १८११ साली नवा करार. अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले ते १८१३ साली. म्हणजे मराठीत ख्रिस्ती पुस्तक आधी तयार झाले आणि ते वाचणारी मराठी मंडळी नंतर उभी राहिली. पुस्तकाची भाषाही अवघडलेली होती, कारण ती ज्या लोकांसाठी होती त्यांच्यापासून शेकडो कोसांवर घडली होती.

पुस्तक हाती पडले म्हणून माणूस जोडला जातोच असे नाही, हे पंडिता रमाबाईंनी स्वतःच्या अनुभवातून लिहून ठेवले आहे. दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाई भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर पायी देशभर फिरत १८७८ साली कलकत्त्यात पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांचे संस्कृत ऐकून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच शहरात बहीणभाऊ एका ख्रिस्ती मेळाव्याला गेले. तिथे चहा-बिस्किटे होती, पुस्तकातले वाचन झाले, आणि मग सगळे लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बोलू लागले. समोर मूर्ती नाही, फक्त खुर्च्या. हे लोक खुर्च्यांची पूजा करतात, असे त्या दोघांना वाटले. निघताना त्यांना संस्कृत बायबलाची प्रत मिळाली. रमाबाईंना संस्कृत उत्तम येत होते, पण त्या पुस्तकाची भाषा आणि त्यातला विचार इतका परका होता की ते वाचणे त्यांना वेळ फुकट घालवण्यासारखे वाटले.

त्यानंतर दोन वर्षांत बरेच घडले. भाऊ ढाक्यात वारला. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी १८८० साली लग्न केले आणि त्या सिल्चरला गेल्या. तिथे घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान सापडले. ते बंगालीत होते. जी गोष्ट पंडिती संस्कृतात त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती, ती संसाराच्या भाषेत पोहोचली. कोकणस्थ घरातल्या, मंगळूरच्या बाजूच्या डोंगरात जन्मलेल्या, मराठी बोलणाऱ्या बाईला शुभवर्तमान प्रथम आवडले ते बंगालीत. १८८२ च्या सुरुवातीला पती गेले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या.

पुण्यात त्यांना भेटले नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोरे. पंचहौद मिशन म्हटले की मराठी माणसाला १८९० सालचे चहाचे प्रकरण आठवते. रानडे आणि लोकमान्यांसकट कितीतरी बड्या माणसांना त्या चहापायी ग्रामण्य आणि प्रायश्चित्त यांच्या फेऱ्यात पडावे लागले. पण तो चहा झाला त्याच्या काही वर्षे आधीपासून पंचहौदाशी गोऱ्यांचे नाते होते.

गोरे काशीत वाढलेले चित्पावन ब्राह्मण. १८४८ साली जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग आल्या आणि १८५३ साली मुलीच्या जन्मानंतर थोड्याच काळात वारल्या. ती मुलगी, एलन लक्ष्मी, इंग्रज कुटुंबात गेली, इंग्लंडमध्ये वाढली आणि १८८० साली मोठी होऊन परत आली. मधल्या काळात बाप हिंदुस्थानात आणि लेक इंग्लंडात. गोऱ्यांनी षड्दर्शनांचे खंडन करणारा हिंदी ग्रंथ लिहिला. १८६२ साली कलकत्त्यात त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि त्यामुळे त्यांचे नाव युरोपपर्यंत गेले. नाव झाले तरी राहणी साधीच राहिली आणि मनातल्या शंका गेल्या नाहीत. १८७६ साली ते काउली फादर्स या मठवासी संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. शेवटपर्यंत त्या संघाबरोबर राहिले, पण अखेरचे व्रत त्यांनी कधीच घेतले नाही. १८९५ साली मुंबईत ते गेले.

गोऱ्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एखाद्या संघाबरोबर सुमारे वीस वर्षे राहायचे, त्याचे काम करायचे, त्याच्या प्रार्थनेत उभे राहायचे आणि तरीही अखेरची सही न करायची. बाहेरून पाहणाऱ्याला हे अर्धवट वाटेल. पण संघाने त्यांना दूर केले नाही आणि त्यांनी संघ सोडला नाही. शंका घेऊनही माणूस मंडळीत राहू शकतो, एवढे तरी त्यातून दिसते.

रमाबाईंवर गोऱ्यांचा जो परिणाम झाला तो मुख्यतः लेखणीतून. पुण्यात भेटी झाल्या, पण ब्राह्मो विचाराच्या लोकांना उद्देशून गोऱ्यांनी जे लिहिले होते ते रमाबाईंनी इंग्लंडात वाचले आणि त्यांच्या मनातले अडसर दूर झाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजच्या मठात रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

इथून त्या पत्रव्यवहाराची कहाणी सुरू होते जी प्रत्येक ख्रिस्ती माणसाने, आणि धर्माशी काही देणेघेणे नसलेल्यानेही, वाचावी. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या अन्नावर राहणाऱ्या विधवेने एका इंग्रज जोगिणीला दिलेले हे नाते. नाते मराठी होते, म्हणून त्यात मराठी घरातले भांडणही आले. त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंना जसाच्या तसा पटत नव्हता आणि त्या तसे स्पष्ट लिहीत. त्यांनी मांसाहार स्वीकारला नाही. जेराल्डीनना त्यात जातीचा अभिमान दिसे. रमाबाईंचे म्हणणे, ही माझी सवय आहे आणि ती सोडायचे मला कारण दिसत नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांची मते मागवली गेली आणि ती विरुद्ध पडली. ब्राह्मण पुरोहितांचे जोखड आत्ताच मानेवरून उतरवले आहे, तेव्हा त्याच घडणीचे दुसरे घ्यायला मी तयार नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी दिले.

एवढे झाल्यावर नाते तुटायला हवे होते. ते ताणले गेले, पण तुटले नाही. रमाबाई अमेरिकेला गेल्या, परत आल्या, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले. मनोरमा काही काळ वाँटेजला राहिली. पत्रे येत-जात राहिली. उतारवयात सिस्टर जेराल्डीननी ही सगळी पत्रे एकत्र केली. ज्या पत्रांत त्यांच्यावरच टीका आहे ती त्यांनी फाडली नाहीत, तीही लावून ठेवली. त्यामुळेच १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाला अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो पत्रव्यवहार प्रसिद्ध करता आला. संग्रह वाचताना दोन्ही बाजू ऐकू येतात. रमाबाईंचे म्हणणे आपल्याला आज पटते, पण ते आपल्यापर्यंत पोहोचले ते आजीबाईंनी जपले म्हणून.

पत्राने जोडलेल्या आणखी एका बाईची इथे आठवण होते, कारण तिचा रस्ताही याच हुगळीकाठाने गेला. डॉक्टर आनंदीबाई जोशी. गोपाळराव श्रीरामपूरला पोस्टात असताना, १८८३ साली तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण केले. आपण अमेरिकेला का जात आहोत हे त्यांनी सांगितले, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येईन असेही. सभागृह केरींनी स्थापलेल्या कॉलेजचे होते. तिकडे न्यू जर्सीत त्यांची वाट पाहणाऱ्या कार्पेंटरबाई ख्रिस्ती होत्या. दोघींची ओळख आणि माया केवळ पत्रांतून वाढली होती. आनंदीबाई त्या घरात मावशीच्या नात्याने राहिल्या आणि शब्द दिल्याप्रमाणे हिंदूच राहिल्या. धर्म बदलला नाही तरी आत्मीयता टिकते, आणि धर्म बदलला म्हणून ती आपोआप येत नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंना जे भांडून मिळवावे लागले ते यांना न मागता मिळाले.

पण पत्र दोघांचे असते. दहा-वीस-पन्नास माणसांना एकत्र धरून ठेवायला दुसरे काही लागते. ते काय असावे याचे उत्तर अहमदनगरकडे सापडले. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाचा बाज आणला होता. वीणा, टाळ, पेटी, पूर्वरंग, उत्तररंग, आणि कथा मात्र येशूची. मग नारायण वामन टिळक आले.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत, टिळक ख्रिस्ती माणसांत. चार-पाच वर्षे असे गेले. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणालाही हे सांगायला नको. मला त्यातला एकच भाग इथे महत्त्वाचा वाटतो. लक्ष्मीबाई टिळकांकडे परत आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती म्हणून आल्या नाहीत. त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर आले, त्यांची चूल वेगळी राहिली. टिळकांनी घाई केली नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या पंगतीला बसावे हे त्यांच्या मनात हळूहळू उलगडत गेले आणि १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. एकाच घरात दोन चुली चालू असताना ते घर टिकले. त्या घरालाही मंडळीच म्हणायचे.

टिळकांनी मराठी चर्चला गाणी दिली. आजही ‘उपासना संगीत’ उघडले की त्यांचे नाव पानोपानी दिसते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि तो पूल त्यांनी पाडला नाही. इतरांनाही त्यावरून ये-जा करता यावी म्हणून तो उघडा ठेवला. त्यांच्या अभंगांची चाल ख्रिस्ती नसलेल्या माणसालाही ओळखीची वाटते. इंग्रजी चालीवर बेतलेले भाषांतर म्हणताना श्वास अडतो, अभंग म्हणताना अडत नाही. साधी गोष्ट आहे, पण गावातली निरक्षर बाई उपासनेत नुसती बसते की तोंड उघडून गाते, हे त्यावर ठरते.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. चर्चच्या बाहेर राहूनही येशूला गुरू मानणाऱ्यांचा सत्संग असावा अशी ती कल्पना. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार मागे पडला. पण १९२२ साली जॅक विन्स्लो या अँग्लिकन पाद्र्याने ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम काढला, पुढे तो पुण्याला आला. हिंदी आणि इंग्रज सोबती, भारतीय जेवण, भारतीय पेहराव आणि मराठी भजन असा तिथला नेम. याच विन्स्लोंनी इंग्रजीत टिळकांचे चरित्र लिहिले. व्हेरिअर एल्विन हिंदुस्थानात प्रथम आले ते या आश्रमात.

आता बेहालाकडे परत येतो. ज्या ऑक्सफर्ड मिशनचा मी वर उल्लेख केला ते १८८० साली, कलकत्त्याचे बिशप जॉन्सन यांच्या हाकेवरून सुरू झाले. ऑक्सफर्डचे काही तरुण पाद्री एकत्र राहून, एकत्र प्रार्थना करून काम करायला आले. एपिफनी ब्रदरहुड हे त्यांच्या संघाचे नाव. त्यांचे पहिले लक्ष्य म्हणजे कलकत्त्याचा इंग्रजी शिकलेला, प्रश्न विचारणारा विद्यार्थी. त्यांनी ‘एपिफनी’ नावाचे इंग्रजी साप्ताहिक काढले. त्याची पद्धत वेगळी होती. वाचक धर्मावर शंका लिहून पाठवत, कधी खंडनही करत, आणि ते छापून त्यावर उत्तर दिले जाई. वाद घालणारा वाचक हा त्या पत्राचा पाहुणा होता. वाँटेजच्या पत्रांत जे दोघींमध्ये चालले होते, तेच इथे छापील पानावर अनोळखी माणसांमध्ये चालू होते.

पुढे मिशनचे काम पूर्वेला बरिसालच्या खाडीप्रदेशात गेले. १९०२ साली बायकांचा संघ, एपिफनी सिस्टरहुड, सुरू झाला. बरिसालला लाल विटांचे मोठे चर्च उभे राहिले. आणि कलकत्त्याच्या दक्षिणेला, त्या काळी तळी, बांबूची बने आणि भातशेते असलेल्या बेहालात, मुलांसाठी शाळा आणि वसतिगृह झाले. इथल्या कामाशी फादर डग्लस यांचे नाव इतके एकजीव झाले की त्यांच्यामागे स्नेह्यांनी मिळून त्यांचे चरित्र लिहिले तेव्हा पुस्तकाच्या नावातच ‘बेहालाचे फादर डग्लस’ असे आले. मला ते शीर्षक आवडते. माणूस कुठून आला ते त्यात नाही, कुठला झाला ते आहे.

१९४७ साली फाळणी झाली आणि बेहाला एका देशात, बरिसाल दुसऱ्या देशात गेले. १९७१ नंतर तो दुसरा देशही बदलला. एकाच ब्रदरहुडचे भाऊ आणि एकाच सिस्टरहुडच्या बहिणी सीमेच्या दोन बाजूंना राहिल्या. व्हिसा, परवाने, दोन चलने, दंगली, निर्वासितांचे लोंढे. बंगालातल्या असंख्य घरांप्रमाणे हेही एक वाटले गेलेले घर होते. ठरलेल्या वेळेला ठरलेली प्रार्थना तिकडे आणि इकडे म्हटली जाते आहे, एवढ्या माहितीवर त्यांनी घर एक मानले.

बेहालाच्या आवारात याच काळात आणखी एक गोष्ट रुजली. फादर थिओडोर मॅथिसन चेलो वाजवत. गरीब घरांतली, खेड्यांतून आलेली मुले वसतिगृहात होती. मॅथिसननी त्यांच्या हाती व्हायोलिन आणि चेलो दिले. भात लावणाऱ्यांच्या मुलांनी बाख आणि हँडेल वाजवावे ही कल्पना कोणालाही विचित्र वाटेल. क्रुसावर संस्कृत अक्षरे मागणाऱ्या रमाबाई आणि अभंगाचा आग्रह धरणारे टिळक यांच्यानंतर तर हे उलट्या दिशेचे पाऊल दिसते. मलाही आधी तसेच वाटले. पण वाद्यवृंदाची शिस्त पाहिली की दुसरी बाजू दिसते. वृंदात प्रत्येकाला आपला भाग वाजवायचा असतो, तो शेजाऱ्यासारखा नसतो, आणि शेजाऱ्याचे ऐकल्याशिवाय वाजवता येत नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेले अनुपकुमार विश्वास पुढे लंडनमध्ये नावाजलेले चेलोवादक झाले आणि कोलकात्यात परत येऊन त्यांनी गुरूच्या नावाने वंचित मुलांसाठी संगीताची शाळा काढली. ते सूर मुलांवर लादले गेले नाहीत, त्यांचे झाले, हे त्यावरून कळते. आणि त्याच बंगाली चर्चमध्ये बडोदिनाला, म्हणजे आपल्या नाताळात, खोल आणि करतालांवर कीर्तनही होते. दोन्ही एका छपराखाली मावते.

आता एक शेवटची तारीख. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स अशा वेगवेगळ्या परंपरांतल्या चर्चांनी आपापली वेगळी नावे खाली ठेवली. त्यासाठी चाललेली बोलणी काही दशकांची होती. बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, बिशप हवा की नको, असे मूळ मतभेद होते. ते सगळे मिटले म्हणून ही चर्चे एक झाली असे नाही. लहान मुलाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या माणसाचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती मान्य करून ती एक झाली. लक्ष्मीबाईंच्या घरातल्या दोन चुलींची आठवण यावी अशीच ती तडजोड होती. त्या दिवसापासून नगरची टिळकांची गाणी म्हणणारी मंडळी आणि बेहालाची मण्डली एकाच चर्चचे भाग झाले. कागदावर नाते जुळले ते असे, बर्गींच्या राजधानीत.

कागदावरचे नाते मात्र रविवारी सकाळी पुरत नाही. आज आमच्याकडची तरुण मुले पुणे, बंगळूर, दुबई इकडे जातात, बेहालातली मुलेही जातात. कुणी मोबाइलवर घरची उपासना ऐकते. कुणाला जवळचे चर्च सापडते पण भाषा सापडत नाही. कुणाला शंका असतात आणि त्या विचारायला माणूस नसतो. मंडळ्या लहान होत चालल्या, जुळलेपण राहिले नाही, अशी तक्रार मी दोन्हीकडे ऐकतो. त्यावर उपाय म्हणून नवे कार्यक्रम आखले जातात, हजेरीचे आग्रह होतात, मत वेगळे असणाऱ्याला हळूच बाजूला बसवले जाते. यातला शेवटचा उपाय मला सगळ्यांत घातक वाटतो. वर ज्यांची नावे घेतली त्यांपैकी एकही माणूस त्या उपायात टिकला नसता. गोऱ्यांनी व्रत घेतले नाही, रमाबाईंनी सिद्धांतावर हुज्जत घातली, लक्ष्मीबाईंनी चूल वेगळी ठेवली, टिळकांनी मिशनचा पगार परत केला. ही माणसे जोडलेली राहिली, कारण समोरच्या बाजूला कुणीतरी पत्राला उत्तर देत होते, कुणी वाट पाहत होते, कुणी भांडणाची पत्रेसुद्धा जपून ठेवत होते.

श्रद्धेची मराठीतली ही परंपरा घडली ती बहुतेक अशाच उत्तर देणाऱ्या माणसांमुळे. आपल्याला करता येण्याजोगे कामही तेवढेच आणि तसलेच आहे. दूर गेलेल्याला लिहावे. त्याच्या शंकेला छापील उत्तर न देता स्वतःचे द्यावे. त्याला येत असलेले गाणे उपासनेत ठेवावे, आणि जे येत नाही ते त्याच्या शेजारी उभे राहून म्हणावे. बेहालात मी परका आहे, पण पहिल्या रविवारी शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी गाण्याचे पुस्तक माझ्याकडे सरकवले आणि मला बंगाली अक्षरे नीट वाचता येत नाहीत हे लक्षात आल्यावर प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत राहिले. त्यांच्या बोटामागून वाचता वाचता मी ती लिपी शिकलो.